नंबरची वाट, घड्याळाची वाट : मिरजेतल्या एका मधुमेह ओपीडीतले पत्ते

सोमवारी सकाळी आठला आमच्या ओपीडीत सगळे उपाशी असतात. रक्त दिलेला माणूस कोपरात कापसाचा बोळा दाबत बाहेर येतो आणि पहिलं विचारतो, "आता खाल्लं तर चालंल न्हवं?" त्याच्या हातात मी एक चिठ्ठी देते. चिठ्ठीवर एवढंच असतं : पहिला घास किती वाजता? तिथून दोन तास मोजायचे आणि पुन्हा हात पुढे करायचा. खाण्यानंतरची साखर पहिल्या घासापासून मोजतात, शेवटच्या नव्हे, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली आहे. तरी दर सोमवारी कुणीतरी कँटीनमध्ये इडली संपवून, चहा पिऊन, तंबाखू मळून झाल्यावर घड्याळ बघतोच.

या दोन तासांत पेशंटला काय द्यायचं, त्याचं हे प्रकरण. ते दोन तास कुणाचे आणि कसले, हे समजायला आम्हाला दोन खेळ वाया घालवावे लागले.

दवाखाना मिरजेतला, ट्रस्टचा, फार मोठा नाही. मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगाच नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून आजारी माणसानं मिरजेची वाट धरायची रीत पडली आहे. आजही जंक्शनवर गाडी थांबली की उतरणाऱ्यांत एक्स-रेची पिवळी पाकिटं काखेत मारलेले लोक दिसतात. जत, कवठेमहांकाळ, तासगाव इकडचे असतात, तसेच अथणी, कागवाड, रायबागचेही. त्यामुळे आमच्या बाकड्यांवर मराठी आणि कानडी शेजारी शेजारी बसते. मी इथं आहारसल्लागार आहे. एक डॉक्टर, लॅबचा एक मुलगा, सिस्टर, मामा आणि मी, एवढ्यांवर मधुमेहाची ओपीडी चालते.

गर्दीचं नवल नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज होता आणि आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. त्यातली आमच्या वाट्याची माणसं डॉक्टरांसमोर चार-पाच मिनिटं बसतात. बाहेर तीन-चार तास. बाहेरच्या तासांचं काहीतरी करावं, असं कुणालाही वाटेल. आम्हालाही वाटलं.

सुरुवात टॅबलेटनं झाली, गोळीनं नव्हे, पडद्याच्या. एका देणगीदारानं दोन दिले होते. मी आजार शिकवणाऱ्या खेळांबद्दल वाचलं होतं आणि जरा हुरळले होते. कॅन्सर झालेल्या तरुण मुलांसाठी अमेरिकेत 'री-मिशन' नावाचा व्हिडिओ गेम तयार झाला होता. शरीरात शिरून कॅन्सरच्या पेशींवर गोळ्या झाडायच्या, असा खेळ. ३४ केंद्रांवरच्या ३७५ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली, २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले, आणि खेळणाऱ्यांनी औषधं जास्त नेमानं घेतली असं दिसलं. हे वाचून मी प्रश्नमंजूषा बनवायला घेतली. त्या मुलांना तो खेळ काही महिने हाताशी होता, आपल्या वेळेनं ती खेळत होती, हा फरक माझ्या डोक्यात आला नाही.

टॅबलेट भिंतीला लावले. पहिल्या दिवशी पेशंटबरोबर आलेल्या नातवंडांनी ते ताब्यात घेतले. मोठी माणसं लांबून बघत राहिली. म्हाताऱ्यांना पडद्याची भीती वाटते, असा निष्कर्ष मी काढला. तो साफ चुकला. हीच माणसं बाकड्यावर बसून मोबाइलवर रील बघत होती, आवाज मोठा करून.

खरं कारण तासगावकडच्या एका काकूंनी सांगितलं. मी त्यांना हाताला धरून टॅबलेटपुढं उभं केलं होतं. प्रश्न पडद्यावर, काकूंचं बोट हवेत आणि मान दाराकडं. दुसऱ्या प्रश्नाला त्या म्हणाल्या, "मॅडम, ह्यात बसले आन् माझा नंबर गेला म्हंजे?"

वाट बघणारा माणूस रिकामा असतो, हेच आम्ही गृहीत धरलं होतं. तो रिकामा नसतो. त्याचं काम चाललेलं असतं : दाराकडं कान लावून बसणं. सिस्टर आतून नाव पुकारते, तेही कधी आडनाव, कधी नुसतं 'आजी'. एकदा हाक चुकली की माणूस शेवटी ढकलला जातो आणि जतची गाडी निघून जाते. डेव्हिड मेस्टर या अभ्यासकानं १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिलं तेव्हा दोन गोष्टी मांडल्या होत्या. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, आणि अनिश्चित वाट ठराविक वाटेपेक्षा लांब वाटते. आम्ही पहिलीच उचलली. काकूंचं दुखणं दुसरीतलं होतं.

टॅबलेट महिनाभरात उतरवले. एक आता स्टोअरमध्ये साठ्याच्या नोंदी ठेवायला आहे, चांगला चालतो.

दुसरा खेळ सापशिडी. ही कल्पनाही माझीच, त्यामुळे दोष दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. फ्लेक्सवाल्याकडून चार फुटी पट छापून आणला. रोज चालणं, वेळेवर गोळी, पायाची तपासणी या शिड्या. पेढा, उसाचा रस, अनवाणी फिरणं, गोळी चुकवणं हे साप. आपल्याकडचा जुना मोक्षपट असाच आहे, शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे, वर पोचलात की मोक्ष. मला वाटलं, घरचाच साचा आहे, लोक लगेच ओळखतील.

ओळखला लोकांनी. फार नीट ओळखला, तिथंच सगळं बिनसलं.

आधी जागेचं सांगते. आमची बाकडी तीन-तीन खुर्च्यांची, स्टीलची, मध्ये हात असलेली, सगळी दाराकडं तोंड करून. पट मांडायचा तर समोरासमोर बसावं लागतं. मांडीवर ठेवला की घसरतो. म्हणून बोळात स्टूल ठेवून त्यावर पट. अर्ध्या तासात व्हीलचेअर आली. मामांनी पट सोंगट्यांसकट तसाच अलगद उचलला आणि वजनकाट्यावर नेऊन ठेवला. मग वजन करायला आलेल्या बाईंनी विचारलं, "ह्याच्यावर उभं ऱ्हायचं?"

हे हसण्यावारी गेलं. पुढचं गेलं नाही. एक माळकरी आजोबा साबुदाण्याच्या सापावर आले. उपवासाची साबुदाणा खिचडी साखर झपकन वाढवते, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, हे खरंच आहे. पण आजोबांनी सोंगटी खाली न नेता तिथंच ठेवली आणि मला हात जोडले. "बाई, एकादशीच्या फराळाला साप दावता व्हय?" आसपासचे गप्प झाले. मी उपवासाला वरई थोडी, दाण्याची आमटी, ताक असं काही सांगायला लागले, पण ते उठले होते.

आणखी एक गृहस्थ, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, पेढ्यावर पडले. शेजारची बाई म्हणाली, "बघा, खाल्लाच पेढा!" सगळे हसले. गृहस्थ चिडले. "मी काय केलं? फाशात चार पडलं म्हणून गेलो."

ते बरोबर बोलत होते. फासा टाकून माणूस पेढ्यावर जात नाही, हातानं उचलतो. आमच्या पटावर मात्र सगळं फाशाच्या हाती होतं. आजार हा नशिबाचा खेळ आहे, वर आणि सापाच्या तोंडी गेलात तर तुम्ही पापी आहात, हे दोन धडे एका दमात द्यायचा उद्योग मी चार फुटी फ्लेक्सवर छापून घेतला होता. नशीब आणि लाज. मधुमेहाच्या पेशंटला घरी या दोन्हींचा पुरवठा भरपूर असतो, दवाखान्यानं भर घालायची गरज नव्हती.

पट गुंडाळला. त्यानंतर तीन महिने मी काहीच केलं नाही, फक्त चिठ्ठ्या वाटत राहिले. चिठ्ठ्या वाटता वाटता दिसलं ते असं की बाकड्यांवर दोन तऱ्हेचे लोक बसतात. काहीजण नंबरची वाट बघत असतात. त्यांना काही देऊ नये, त्यांना कधी बोलावणार तेवढं सांगावं. दुसरे घड्याळाची वाट बघत असतात. पहिला घास ९:१०, म्हणजे ११:१०. त्याआधी त्यांना कुणी हाक मारणार नाही आणि गावी जाता येत नाही. त्यांचे कान मोकळे असतात. पोटात नाश्ता गेलेला, त्यामुळे चिडचिड उतरलेली. खेळ खेळायचा तर यांच्याशी.

मग दोन गोष्टी केल्या. नंबरवाल्यांसाठी मामांनी एका जुन्या फळ्यावर खडूनं आत कोण आणि पुढचे पाच कोण हे लिहायला सुरुवात केली. खेळ नाही, काही नाही, नुसता फळा. दाराशी होणारी ढकलाढकली त्यानंच कमी झाली. हे आधी का सुचलं नाही, असं डॉक्टरांनी विचारलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. घड्याळवाल्यांना मात्र लॅबच्या मागच्या खोलीत बसवायला लागलो. तिथं बाकडी नव्हती, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. त्या गोल करता येतात.

तिसरा खेळ पत्त्यांचा. पोस्टकार्डाएवढी पानं, लॅमिनेशन केलेली, म्हणजे पुसून घेता येतात. अक्षर जवळजवळ नाहीच. काहींना मोतीबिंदू, काहींना मराठी वाचता येत नाही, काहींना कुठलंच. फोटो सगळे माझ्या शेजारणीच्या ओट्यावर काढलेले, कारण इंटरनेटवरून उतरवलेल्या भाकरीला बायकांनी नावं ठेवली होती. "ही भाकरी हाय का पापड?" मग ज्वारीची, हातावर थापलेली, मध्ये फुगून थोडी करपलेली भाकरी. भडंग. कपातला चहा. रसाचा ग्लास. मूठभर बेदाणे. गुळाचा खडा.

पहिला डाव सोपा : पानं गोडाच्या चढत्या क्रमानं लावा. पेय आणि गोडाच्या पानामागं साखरेचे चमचे काढलेत. भाकरी-भातामागंही चमचे काढावेत असं मला वाटत होतं, त्यावर डॉक्टर अडले. "भाकरी म्हणजे साखर, असं ऐकून उद्या कुणी भाकरी सोडेल आणि गोळी तशीच घेईल, मग साखर खाली जाऊन चक्कर येईल ती वेगळीच." ते मान्य केलं. भाकरी-भाताला वेगळा डाव केला, ताटाचा : अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव भाकरी किंवा भात, पाव डाळ-उसळ. तो डाव कंटाळवाणा आहे. खरं सांगायचं तर त्यात कुणी रमत नाही.

चमच्यांच्या डावात मात्र भांडणं होतात. बहुतेक सगळे रसाचा ग्लास सर्वांत वर ठेवतात आणि अभिमानानं सांगतात, आपण तो कधीच सोडला. ग्लासभर रसात सहा-सात चमचे साखर सहज असते. मग मी विचारते, चहा दिवसातून किती? चार. कपाला साखर? दोन चमचे. कुणीतरी बोटांवर मोजतं आणि खोलीत शांतता पसरते. आठ. एक आजी म्हणाल्या, "म्हंजे रस सोडून मी रसातच हाय." बेदाण्यांवर तासगावची माणसं अडून बसतात. स्वतःच्या बागेतला माल, त्याला गोड म्हणायचं तरी कसं? आणि गूळ. सांगलीची बाजारपेठ हळदीची आणि गुळाची. "साखर बंद केली, गुळाचा चहा घेतो" हे वाक्य मी रोज ऐकते. गुळाचं पान आणि साखरेचं पान शेजारी ठेवायचं, मागं चमचे जवळपास तेवढेच. मी काही बोलत नाही, पानं बोलतात.

याच गप्पांत एकजण म्हणाला की तपासणीच्या आधी दोन दिवस त्यानं भात बंद केला होता, "रिपोर्ट चांगला याया पायजे म्हणून." लगेच दुसरा म्हणाला, "मीबी." तिसऱ्या बाईंनी आज मुद्दाम अर्धीच इडली खाल्ली होती. डॉक्टरांसमोर यातलं एक अक्षरही कुणी काढत नाही. मी हसले, आणि तीन महिन्यांच्या साखरेची, म्हणजे एचबीए१सीची तपासणी दोन दिवसांच्या पथ्याला का फसत नाही, ते त्यांना सांगितलं. इथं मला कळलं की हा खेळ माहिती द्यायला आम्ही बनवला खरा, पण तो माहिती काढतोही. त्याचा सगळ्यात मोठा पुरावा पुढचा. ओळख पटू नये म्हणून त्यातले काही तपशील बदलले आहेत.

जतकडचे एक आजोबा, सत्तरीचे, सोबत सून. आजोबांना दिसत कमी, इन्सुलिन सूनच टोचते. तीन तपासण्यांपासून साखर उतरत नव्हती. डॉक्टरांनी मात्रा २० युनिटवरून २४, मग ३० केली होती. फाईलवर दर वेळी लिहिलेलं : पथ्य पाळत नाहीत. मीही एकदा तसं लिहिलं होतं, माझ्या अक्षरात आहे.

त्या दिवशी जोड्या लावायचा डाव होता. चार पानं. इन्सुलिनची बाटली, तिच्यावर ठळक ४०. इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये घालायची कार्ट्रिज, तिच्यावर १००. लाल टोपणाची सिरिंज. केशरी टोपणाची सिरिंज. आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं मिळतं, त्याला लाल टोपणाची सिरिंज. केशरी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. सगळ्यांनी बाटलीशेजारी लाल ठेवली, कारण आधीच्या डावात ऐकलं होतं. सुनेनं ती उचलली आणि केशरी ठेवली.

"आमच्यात केशरीच हाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, बाटली कुठली, पेन आहे का? "न्हाय, बाटलीच." आणि तिनं पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. आत सिरिंज, केशरी टोपण. पूर्वी लाल होती, संपल्यावर दुकानातल्या पोरानं ही दिली, "एकच असतंय" म्हणाला. मी बाटली बघितली. ४०.

हिशोब तिथंच चिठ्ठीच्या मागं केला. केशरी सिरिंजवर ३०च्या रेघेपर्यंत भरलं की होतं ०.३ मिलिलिटर. बाटली ४०ची, म्हणजे १२ युनिट. आजोबांना ३० लिहून दिलेले, पोटात जात होते १२. त्याआधी २० लिहिले तेव्हा ८. आम्ही मात्रा वाढवत होतो, सून इमानानं नव्या रेघेपर्यंत भरत होती, आणि पथ्याचा ठपका आजोबांवर.

पण खरी भीती यापुढं होती, ती सिस्टरांनी आधी ओळखली. लाल सिरिंज हातात देऊन "आता हीच वापरा" म्हणून घरी पाठवलं असतं, तर त्याच रात्री आजोबांना खरेखुरे ३० युनिट गेले असते, शरीराला सवय असलेल्याच्या अडीच पट. सत्तरीचा माणूस, रात्र, आणि दवाखाना लांब. मी पानं तशीच टाकून डॉक्टरांकडं गेले. त्यांनी मात्रा खाली आणून नव्यानं ठरवली आणि तीन दिवस रोज फोनवर साखर कळवायला सांगितलं. सुनेनं सिस्टरांसमोर नव्या सिरिंजवर बोट ठेवून रेघ तीनदा दाखवली. साखर ७०च्या खाली गेली किंवा घाम सुटून हात थरथरले तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हेही सांगितलं. यावर आजोबा पहिल्यांदा बोलले : "साखरंच्या रोग्याला साखर? गावात सांगितलं तर हसत्याल."

आम्ही त्यांना तीनदा विचारलं होतं, किती युनिट घेता? त्यांनी तिन्ही वेळा बरोबर सांगितलं होतं. कशानं घेता, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. पथ्याचा तो शेरा मी नंतर खोडला नाही, खाली तारीख घालून चूक लिहिली.

त्यानंतर चौथा डाव आला, तो पत्त्यांचा नाहीच. पिशवी उघडा. ज्याला दाखवायची त्यानं आपल्या औषधांची पिशवी गोलात मांडायची. फ्रीजरमध्ये गोठवलेलं इन्सुलिन निघालं, दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेली, नावं निराळी पण औषध एकच असलेली गोळी निघाली. एकीनं फ्रीज नाही म्हणून बाटली दोन माठांच्या मध्ये ठेवली होती आणि ती लाजत सांगत होती. तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. उन्हाळ्यात वापरातलं इन्सुलिन थंड ठेवायची ती चांगली युक्ती आहे.

गोलात बसण्याचा तोटाही दिसला. एका सासूनं सुनेची पिशवी तिला न विचारता उघडली, त्यात मधुमेहाशी संबंध नसलेलं एक औषध होतं, आणि दुपारपर्यंत ते बाहेरच्या बाकड्यांवर पोचलं. त्या मुलीची मी माफी मागितली. तेव्हापासून दोन नियम आहेत : पिशवी ज्याची त्यानंच उघडायची, आणि कुणाचा साखरेचा आकडा गोलात विचारायचा नाही.

खेळामुळं कुणाची साखर उतरली, असा दावा मी करणार नाही. त्याच काळात फळा आला, चिठ्ठ्या नीट झाल्या, डॉक्टर 'कशानं घेता' विचारायला लागले, कशाचं श्रेय कुणाला द्यायचं? ट्रस्टच्या बैठकीत एका सदस्यांनी हे सगळं पुन्हा टॅबलेटवर घालायचं सुचवलं, म्हणजे माझ्याशिवाय चालेल. त्यांचा मुद्दा खोटा नाही. मी रजेवर असते त्या सोमवारी पत्ते ड्रॉवरमधून बाहेर येत नाहीत. मामांनी एकदा डाव मांडून बघितला, तर लोकांनी सरळ रमी सुरू केली. कानडी पेशंटसाठी अथणीकडची एक मावशी, जी आमच्याकडं फरशी पुसते, डाव समजावून सांगते आणि माझ्यापेक्षा बरं सांगते. तिची त्या दोन तासांची फरशी कोण पुसणार, यावर अजून बोलणं चालू आहे.

पानांचा संच तीनदा छापला. उसाच्या रसाचं पान दर वेळी हरवतं, मुलं घेऊन जातात. केशरी टोपणाचं पान मात्र हरवलेलं नाही. ते सिस्टरांनी इंजेक्शनच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे, खाली ४० आकडा लिहून त्यावर मोठी फुली. त्यामुळं जोड्यांच्या डावात सध्या तीनच पानं आहेत, आणि चौथ्याच्या जागी आम्ही खरी सिरिंज ठेवतो, टोपण लावलेली.